युद्धकाळातली गुप्तवार्ता आणि आकस्मिक योजना: नागपुरातल्या नकाशा-सरावाला येणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नकाशा पसरायचा, बातम्यांच्या चिठ्ठ्या वाटायच्या आणि लाल-निळ्या बाजू करून खेळायचं, असा हा सराव. त्यात दर वेळी त्याच शंका निघतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. जमलं तिथे उदाहरण नागपूरच्या आसपासचं घेतलं आहे.

बातमी आणि गुप्तवार्ता यांत नेमका फरक कुठे पडतो?

"कन्हानच्या पुलावरून पहाटे ४० ट्रक गेले" ही बातमी झाली. तिच्यावरून काही ठरवायचं तर आणखी विचारावं लागतं. कोणी पाहिलं? किती अंतरावरून? ट्रक भरलेले होते की रिकामे? (भरलेल्या ट्रकचे पाटे दबलेले दिसतात.) उत्तरेला गेले की दक्षिणेला? आणि एरवी त्या वेळी तिथून किती ट्रक जातात?

हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. रोज ३५ जात असतील तर ४० मध्ये काही विशेष नाही. रोज ५ जात असतील तर सेनापतीला झोपेतून उठवावं लागेल. म्हणून सरावात लढाईआधीचा एक शांत आठवडा मुद्दाम खेळवतो. त्यात काहीच घडत नाही, फक्त 'नेहमीचं' काय ते टिपायचं असतं. लोक कंटाळतात, जांभया देतात. पण तो आठवडा गाळला की पुढचे सगळे अंदाज हवेत जातात.

सुरुवात सीताबर्डीपासूनच का करता?

जागा पायी फिरून पाहता येते, आणि घटनांचा क्रम स्वच्छ आहे.

१८१७ चा नोव्हेंबर. ५ तारखेला खडकीला पेशव्यांची फौज कंपनीच्या फौजेशी भिडली. नागपुरात गादीवर अप्पासाहेब भोसले, आणि कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, रिचर्ड जेंकिन्स. २४ नोव्हेंबरला अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली खिलत (मानाचा पोशाख) आणि सेनापतिपद दरबार भरवून स्वीकारलं. २५ ला कंपनीची फौज तेलंखेडीच्या छावणीतून सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर आली. २६ च्या संध्याकाळी लढाई पेटली. २७ च्या सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने खालच्या मैदानात मुसंडी मारली, दारूगोळ्याच्या एका गाडीचा स्फोट झाला आणि लहान टेकडी पुन्हा कंपनीकडे गेली. कंपनीची माणसं साधारण १,४००. समोर त्यांच्या कितीतरी पट.

सरावात या तारखांच्या चिठ्ठ्या एकेक करून देतो, पण माणसांची आणि गावांची नावं बदलून. नावं तशीच ठेवली तर शेवट ठाऊक असल्यामुळे प्रत्येक जण पहिल्याच चिठ्ठीवर 'हल्ला नक्की' असा शेरा मारतो. प्रत्येक चिठ्ठीनंतर दोन गोष्टी लिहायच्या: पुढच्या तीन दिवसांत हल्ल्याची शक्यता किती, आणि फौज आत्ता हलवायची की नाही. दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा अवघड आहे. फौज हलवली की समोरच्यालाही ती दिसते, आणि तो घाईने हात उचलू शकतो.

लाल बाजूला म्हणजे भोसल्यांच्या बाजूला एक प्रश्न हमखास देतो: २५ तारखेला कंपनीची पलटण तेलंखेडीहून निघून उघड्यावर चालत होती, तेव्हाच तिच्यावर का पडला नाहीत? याचं उत्तर शोधताना हुकूम, निरोप आणि तयारी यांना किती तास लागतात हे आपोआप कळतं.

एक सावधगिरी. आज टेकडीवर दिसतो तो किल्ला लढाईनंतर बांधलेला आहे. नवीन मंडळी तटबंदीच्या आडून बचाव आखतात आणि पंच तो लगेच बाद करतात.

बातमीला दर्जा कसा द्यायचा?

ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागातून आलेली अक्षर-आकड्यांची पद्धत आजही सगळीकडे चालते. अक्षर बातमी देणाऱ्यासाठी: 'ए' म्हणजे पूर्ण भरवशाचा, तिथून उतरत 'ई' म्हणजे बेभरवशाचा. आकडा बातमीसाठी: १ म्हणजे दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणाहून पक्की झालेली, उतरत ५ म्हणजे संभवत नाही अशी. 'एफ' आणि ६ वेगळे आहेत. त्यांचा अर्थ 'पारखता येत नाही' एवढाच.

चुका तीन ठिकाणी होतात.

पहिली, अक्षर पाहून आकडा टाकणं. माणूस भरवशाचा म्हणून त्याची प्रत्येक बातमी खरी धरली जाते. पण भरवशाच्या माणसालाही कोणी खोटं सांगू शकतं, किंवा तो अंधारात चुकू शकतो. आकडा टाकताना बातमी आणणाऱ्याचं नाव झाकून ठेवा.

दुसरी, 'एफ-६' चिठ्ठी केराच्या टोपलीत टाकणं. नवा माणूस आणि नवी बातमी असेल तर दर्जा 'एफ-६' च येणार. ती बाजूला ठेवायची आणि पडताळायला कोणाला तरी धाडायचं.

तिसरी सगळ्यात महागात पडते. एकच अफवा इतवारीतल्या दुकानातून, व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि स्थानिक वाहिनीवरून अशी तीन वाटांनी येते, आणि टिपणारा "तीन ठिकाणांहून दुजोरा" असं लिहून १ आकडा देऊन मोकळा होतो. प्रत्येक चिठ्ठीवर 'मुळात डोळ्यांनी कोणी पाहिलं?' असा रकाना ठेवा. तिन्हींवर एकच उत्तर आलं, किंवा काहीच उत्तर नसलं, तर ती एकच बातमी समजायची.

शत्रू हालचाल करणार याची चिन्हं कशी निवडायची?

नुसतं दाखवायला महाग पडतं ते चिन्ह वजनदार. भाषणं, झेंडे, सरहद्दीवर रणगाड्यांची रांग हे देखावा म्हणूनही करता येतं. रजा रद्द करून माणसं परत बोलावणं, पुलाचं साहित्य पुढे आणणं, इंधनाचे साठे रस्त्यालगत लावणं, फील्ड हॉस्पिटल उभारून रक्ताचा साठा करणं याला खर्च येतो. रक्त तर फार दिवस टिकतही नाही, त्यामुळे ते जमवणाऱ्याच्या डोक्यात तारीख असते.

वायरलेस अचानक गप्प होणं हेही चिन्हच. मात्र रोज किती बोलतात याची नोंद नसेल तर गप्प झालेलं कळणार कसं?

एवढी माहिती हाताशी असून देश फसतात कसे?

बहुतेक वेळा माहिती कमी पडत नाही, आधीपासून मनात पक्कं बसलेलं गृहीतक आडवं येतं. १९७३ चा इस्रायल घ्या. इजिप्तच्या फौजा सुएझ कालव्यावर जमल्याचं दिसत होतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोव्हिएत सल्लागारांची कुटुंबं घाईने परत नेल्याचंही कळलं होतं. पण लांब पल्ल्याची विमानं आणि क्षेपणास्त्रं मिळाल्याशिवाय इजिप्त युद्ध करणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया करणार नाही, असा लष्करी गुप्तवार्ता खात्याचा सिद्धान्त होता. प्रत्येक नवी बातमी त्याच्याशी जुळवून घेतली गेली आणि 'सराव चालू आहे' असा अर्थ निघाला. त्यातच मे महिन्यात एकदा इशारा देऊन तयारी केली होती आणि युद्ध झालं नव्हतं. ६ ऑक्टोबरच्या दुपारी दोन्ही आघाड्यांवर हल्ला झाला.

आपल्याकडे १९९९ मध्ये कारगिलच्या उंचीवर हिवाळ्यात मोठी घुसखोरी होणार नाही असं धरलं होतं. पहिली ठोस खबर मे महिन्यात बटालिक भागातल्या मेंढपाळांकडून आली. नंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली, आणि त्यानंतरच्या फेरबदलांत २००२ साली संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली.

यावर आमच्याकडे वापरतो तो उपाय साधा आहे. भिंतीवर गृहीतकांचा तक्ता लावायचा. रकाने चार: आपण काय धरून चाललो आहोत, कशावरून, काय दिसलं तर ते मोडेल, आणि त्यावर नजर कोणाची. ओळी सातच्या वर नकोत. तीस ओळींचा तक्ता कोणी वाचत नाही. तिसरा रकाना कोरा राहिला तर ते गृहीतक नसून श्रद्धा आहे असं समजून तिथेच वाद घाला.

आकस्मिक योजना लिहायची म्हणजे नक्की काय लिहायचं?

'असं झालं तर तसं करू' एवढं पुरत नाही. कधीपर्यंत ठरवायचं हे त्यात हवं, आणि तो हिशोब उलटा करायचा असतो.

समजा, आपली ६०० वाहनं कामठीत आहेत आणि ती सकाळी ६ ला मनसरला पोहोचलेली हवीत. अंतर साधारण ३० किमी धरू. एक वाहन ८ मीटर आणि पुढच्यापासून ५० मीटर अंतर, म्हणजे वाहनामागे ५८ मीटर रस्ता. ६०० वाहनांची रांग ३४.८ किमी. पहिली गाडी मनसर ओलांडून गेली तरी शेवटची कामठीतच उभी! ताशी २५ किमीने पहिल्या गाडीला १ तास १२ मिनिटं लागतात, आणि रांग पूर्ण सरकायला आणखी साधारण १ तास २४ मिनिटं. झाले २ तास ३६ मिनिटं. हुकूम तयार होऊन खालपर्यंत पोहोचायला २ तास, सामान चढवायला ३ तास. बेरीज ७ तास ३६ मिनिटं. पंक्चर, फाटक, अंधार, चुकलेलं वळण यांसाठी पाव पट वाढवा: साडेनऊ तास.

म्हणजे निर्णय आदल्या रात्री साडेआठपर्यंत झाला पाहिजे. आता तक्त्याकडे वळा. ज्या चिन्हावर ही योजना अवलंबून आहे ते मध्यरात्री दिसणारं असेल, तर योजना कागदावरच राहणार. दोनच वाटा उरतात: लवकर दिसणारं दुसरं चिन्ह शोधा, किंवा फौज आधीच पुढे नेऊन ठेवा. सरावात सगळ्यात जास्त योजना इथेच कोसळतात. बाण सुरेख काढलेले असतात, घड्याळ कोणी पाहिलेलं नसतं.

वेळेच्या वाटणीचा लष्करातला जुना दंडक इथे पाळा. हाती असलेल्या वेळेपैकी वरच्या अधिकाऱ्याने एक तृतीयांश वापरायचा, दोन तृतीयांश खालच्यांसाठी सोडायचा. निळ्या बाजूचा सेनापती हमखास उलटं करतो.

पाण्याचाही हिशोब याच कागदावर हवा. सरावापुरतं माणशी दिवसाला १० लिटर धरतो; १,००० माणसांना १०,००० लिटर, म्हणजे तेवढ्या क्षमतेचा एक टँकर रोज, आणि तो भरायला गेलेला असताना उभा राहायला दुसरा. मे महिन्यातला विदर्भ असेल तर आकडा वाढवा.

योजना जितकी बारकाईने आखलेली, तितकी चांगली ना?

नाही. १ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्मने फौज पश्चिमेऐवजी पूर्वेकडे वळवायला सांगितलं, तेव्हा सरसेनापती मोल्टके यांनी ते शक्य नसल्याचं कळवलं. रेल्वेचं वेळापत्रक वर्षानुवर्षं घासूनपुसून एकाच दिशेसाठी बसवलेलं होतं. प्रत्येक योजनेला निदान दोन फाटे ठेवा, आणि कुठल्या ठिकाणापर्यंत फाटा बदलता येतो ते नकाशावर खूण करून दाखवा.

'वॉर बुक' म्हणजे काय?

युद्ध जाहीर झालं की कोणत्या खात्याने, कोणत्या क्रमाने काय करायचं याची सरकारी जंत्री. तारा कोणाला करायच्या, कोणती बंदरं बंद, रेल्वे कोणाच्या ताब्यात, इथपर्यंत. भारताचीही आहे आणि ती गोपनीय असते.

अशा आधी ठरवलेल्या एका कलमाने काय साधतं याचं १९१४ चं उदाहरण मोठं आहे. युद्ध सुरू होताच जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा तोडायच्या, असं ब्रिटिशांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. ५ ऑगस्टला एका केबल-जहाजाने त्या तोडल्या. जर्मनीला वायरलेसवर आणि परक्या तारांवर विसंबावं लागलं, आणि ते संदेश ब्रिटिशांना टिपता येऊ लागले. जानेवारी १९१७ मध्ये जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनचा, अमेरिकेविरुद्ध साथ मागणारा, मेक्सिकोला जाणारा संदेश त्यातूनच हाती लागला. पण तो अमेरिकेला दाखवायचा तर आपण सांकेतिक लिपी फोडली हे उघड होणार. म्हणून मेक्सिकोतल्या तारघरातून दुसरी प्रत मिळवली आणि गळती तिकडची आहे असं भासवलं. चिठ्ठी वापरण्याआधी 'ही वापरली तर ती कुठून आली हे शत्रूला कळेल का?' हा प्रश्न सरावातही विचारायचा.

शत्रूला फसवायचं कसं?

त्याला जे आधीच पटलेलं आहे त्यालाच खतपाणी घालायचं. १९४४ मध्ये मुख्य हल्ला फ्रान्सच्या पा-द-कॅले किनाऱ्यावर येणार असं जर्मनांना वाटतच होतं (खरा बेत नॉर्मंडीचा होता). मित्रराष्ट्रांनी अमेरिकी सेनापती पॅटनच्या नावावर खोटी फौज उभी केली आणि फितवलेल्या हेरांकडून तेच पोहोचवलं. फोडलेल्या जर्मन संदेशांतून आपली थाप पटली की नाही, हेही त्यांना कळत होतं. हे कळण्याची सोय नसेल तर सरावात फसवणुकीवर वेळ घालवू नका.

मिडवेच्या पाण्याची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. १९४२ च्या मे महिन्यात जपानी संदेशांत 'एएफ' हे ठिकाण वारंवार येत होतं. हवाईतल्या जोसेफ रोशफोर्ट यांच्या गटाला ते मिडवे बेट वाटत होतं, वॉशिंग्टनला खात्री नव्हती. मिडवेला समुद्राखालच्या तारेने गुपचूप कळवलं, की तुमचं पाणी शुद्ध करण्याचं यंत्र बिघडल्याचं वायरलेसवर साध्या भाषेत सांगा. थोड्याच वेळात 'एएफ'वर पाण्याची टंचाई असल्याचा जपानी संदेश मिळाला. सूचना तारेने गेली आणि आमिष हवेतून गेलं, म्हणून डाव साधला. दोन्ही वायरलेसवर गेलं असतं तर फजिती होती.

याच लढाईआधी जपानी नौदलाच्या टेबलावरच्या सरावात पंचांनी जपानी विमानवाहू जहाजं बुडाल्याचा निकाल दिला. अ‍ॅडमिरल उगाकी यांनी तो बदलून घेतला आणि बुडालेलं जहाज पुढे खेळात परत आलं. जूनमध्ये अशी चार जहाजं खरोखर बुडाली. आमच्याकडे पंचाचा निकाल बदलायला कोणालाही मुभा नाही, वयाने कितीही मोठे असले तरी.

बातमी खरी असून वाया कधी जाते?

उशिरा पोहोचली की. उलट उदाहरण १४ डिसेंबर १९७१ चं. ढाक्यात पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरची बैठक होणार असल्याचं संदेश टिपून कळलं आणि बैठकीच्या वेळेलाच मिग-२१ विमानांनी हल्ला केला. ठिकाण आधी सर्किट हाऊस सांगितलं होतं, ते उड्डाणाच्या तोंडावर गव्हर्नमेंट हाऊस असं दुरुस्त झालं. वैमानिकांच्या हातात होता तो पर्यटकांसाठी छापलेला नकाशा. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. तासाभरात चालेल असा साधा नकाशा उद्या मिळणाऱ्या उत्तम नकाशापेक्षा कामाचा, हे यातून घ्या. आणि ठिकाणाची दुरुस्ती शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवायची वाट मोकळी ठेवा.

सरावाला किती माणसं आणि काय सामान लागतं?

नऊ ते बारा जण: प्रत्येक बाजूला तीन ते चार, दोन पंच, एक-दोन नोंदी करणारे. दोन बाजूंना वेगळ्या खोल्या हव्यात. एकाच हॉलमध्ये पडदा लावून भागत नाही, सगळं ऐकू जातं. सर्वे ऑफ इंडियाचा सर्वसामान्यांसाठी खुला असलेला १:५०,००० चा नकाशा घ्या, त्यावर २ सेंमी म्हणजे १ किमी. वर पारदर्शक प्लॅस्टिक, लाल-निळी पुसता येणारी पेनं, वळणं मोजायला दोरा, आणि भिंतीवर एकच घड्याळ.

चिठ्ठ्या ४०. त्यांत १० खऱ्या आणि कामाच्या, २० खऱ्या पण निरुपयोगी, ६ शिळ्या, ४ खोट्या. खोट्या चिठ्ठ्या वाढवण्याचा मोह पंचांना फार होतो. तसं केलं की लोक सगळ्यावरच अविश्वास दाखवू लागतात, आणि निवड करायला शिकायचं राहून जातं. एक डाव म्हणजे नकाशावरचे ६ तास, घड्याळातली २० मिनिटं.

कामठी, वायुसेनानगर, पुलगाव इथले खरे तपशील वापरता येतील का?

नाही. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, वायुसेनानगरला हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, वर्धा जिल्ह्यात पुलगावला दारूगोळ्याचं मोठं भांडार आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तेवढंच पुरे. आत काय कुठे आहे, फाटक कधी उघडतं, गाड्या कधी निघतात हे टिपणं, फोटो काढणं, नकाशावर उतरवणं शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली गुन्हा ठरू शकतं. सरावातली पथकं, संख्या, साठे सगळे काल्पनिक असतात. वर कामठीच्या ६०० वाहनांचं गणित आहे तेही तसंच.

हेच मोबाइललाही लागू. रस्त्यात लष्करी ताफा दिसला तर त्याचं चित्रीकरण करून ग्रुपवर टाकू नका. २६ एप्रिल २०२५ ला माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना संरक्षण हालचालींचं थेट प्रक्षेपण टाळायला सांगितलं होतं, त्यामागचं कारण तुमच्या फोनलाही तितकंच लागू पडतं.

हे नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण आहे का?

नाही. त्यासाठी नागपुरातच १९५७ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय होतं, ते आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या (एनडीआरएफ) अकादमीत विलीन झालं आहे. ब्लॅकआउट, बचावकार्य, प्रथमोपचार यांची चौकशी तिथे करा.

सराव संपल्यावर काय लिहून द्यायचं?

एक पान. कोणता निर्णय कधी घेतला, तेव्हा हातात कोणत्या चिठ्ठ्या होत्या, आणि कोणती चिठ्ठी हातात असून वाचली गेली नाही. कोण जिंकलं ते लिहायचं नाही. पान घरी जाण्याआधी, तिथेच बसून लिहायचं. दुसऱ्या दिवशी लिहिलं की प्रत्येकाला आपल्याला सगळं आधीच कळलं होतं असं वाटू लागतं.

येताना काही वाचून यावं लागतं का?

गरज नाही. नकाशावर अंतर मोजता आलं आणि चोवीस तासांचं घड्याळ वाचता आलं की पुरे. चश्मा लागत असेल तर तो आणा, चिठ्ठ्यांवरची अक्षरं बारीक असतात.